पुण्यात शिकायला येताना: खोली, भाडेकरार आणि निर्वाह भत्त्याची वाट

पुण्यातल्या पहिल्या वर्षी मी दर महिन्याला पाचशे रुपये वाचवले आणि त्यापायी साठ हजारांच्या मदतीला मुकले.

झालं असं, की मला दोन खोल्या आवडल्या होत्या. एका ठिकाणी भाडं पाचशेने जास्त होतं, पण मालक रीतसर करार करून देणार होते. दुसरे मालक म्हणाले, "पोरी, करारबिरार कशाला? विश्वासावर राहा." आईने उसने आणलेले पैसे माझ्या हातात होते. मी स्वस्त खोली घेतली. पुढे स्वाधार योजनेचा, म्हणजे शासकीय वसतिगृहात नसलेल्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा, अर्ज भरताना राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला, तेव्हा त्याच मालकांनी साध्या कागदावरही सही द्यायला नकार दिला. ते वर्ष हातचं गेलं. दुसऱ्या वर्षी सगळं नीट केलं आणि भत्ता मिळाला.

तेव्हापासून आमच्या तालुक्यातून येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी हेच सांगत आले आहे. जे फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगते, ते इथे एकत्र लिहिते. उदाहरणं पुण्याची आहेत, पण योजना आणि कराराचे नियम सगळ्या महाराष्ट्राला लागू आहेत.

१. गाव सोडण्याआधी हे कागद हातात घ्या

शहरात आल्यावर एकेका दाखल्यासाठी परत गावी जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेले तास. बारावीचा निकाल लागण्याची वाट पाहू नका. एप्रिल-मेमध्येच सेतू केंद्रात किंवा 'आपले सरकार'वर अर्ज टाका.

- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. मुदत कुठवर आहे ते वाचा. ३१ मार्चला संपलेला दाखला जुलैच्या अर्जाला चालत नाही.
- जातीचा दाखला. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्रसुद्धा. याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून अकरावीतच मागे लागा.
- अधिवास म्हणजे डोमिसाइल प्रमाणपत्र.
- दहावी, बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला.
- आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक.
- सातबारा किंवा अल्पभूधारक असल्याचा दाखला, लागू असेल तर.

सगळ्यांवरचं नाव अक्षरन् अक्षर तपासा. माझ्या मैत्रिणीच्या आधारवर वडिलांचं नाव 'ज्ञानोबा' होतं आणि गुणपत्रिकेवर 'ज्ञानेश्वर'. एवढ्यासाठी तिचा अर्ज दोनदा परत आला.

खर्चाची एक गोष्ट. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही "पाचशेचा स्टॅम्प आणा" असं सांगणारे भेटतात. साध्या कागदावर का चालत नाही, हे नम्रपणे पण ठामपणे विचारा.

२. खोली बघण्याआधी वसतिगृहाचे अर्ज भरा

समाजकल्याण, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण या विभागांची शासकीय वसतिगृहं आहेत. तिथे राहणं आणि जेवण मोफत असतं. जागा थोड्या आणि अर्ज भरपूर, प्रवेश गुणवत्तेवर. "आपला नंबर कुठला लागायचा" म्हणून अर्जच न भरणारे खूप जण बघितले. भरा. दुसऱ्या, तिसऱ्या यादीतही नावं येतात. आणि पुढे ज्या भत्त्याबद्दल सांगणार आहे, तो मुळात शासकीय वसतिगृहात प्रवेश नसलेल्यांसाठीच आहे. अर्जाची पोच आणि यादीची प्रत जपून ठेवा.

सरकारी वसतिगृहांपलीकडेही बघा. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींची अल्प खर्चात राहण्या-जेवणाची सोय करते. मुलाखत होते, त्यात घरची परिस्थिती बघतात. मुलाखतीत घरचं आहे तसं सांगा, लपवण्यासारखं त्यात काही नाही. कोल्हापूरला जाणार असाल तर तिथल्या बोर्डिंगांची चौकशी जरूर करा. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहत गेली. त्यातली बरीचशी आजही गावाकडच्या मुलांना आसरा देतात.

कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना आहे का, तेही प्रवेशाच्या दिवशीच विचारा. ग्रंथालयात, बागेत किंवा कार्यालयात काही तास काम आणि तासाप्रमाणे पैसे. रक्कम मोठी नसते, पण डब्याचे पैसे सुटतात.

३. तुमची योजना कोणती, ते ओळखा

सगळ्यांना सगळ्या योजना लागू नाहीत, आणि एका वेळी अशा एकाच योजनेचा लाभ मिळतो.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, सामाजिक न्याय विभागाची. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. इतर मागास, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. इथे जिल्हावार जागांची मर्यादा आहे, त्यामुळे अर्ज उघडल्या आठवड्यातच भरा. या प्रवर्गांत न बसणाऱ्या, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघावी.

मला स्वाधार मिळाली, म्हणून तिचे आकडे सांगते. माझ्या वेळी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६०,००० रुपये होते: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. इतर महापालिकांच्या शहरांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. अर्ज भरताना त्या वर्षीचा शासन निर्णय उघडून रक्कम आणि गुणांची अट बघून घ्या.

एक अट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: विद्यार्थी त्या शहराचा स्थानिक रहिवासी नसावा. पुण्यात आल्या आल्या आधारवरचा पत्ता बदलायची घाई करू नका.

४. पैसे येईपर्यंतचे महिने कसे काढायचे

भत्ता दर महिन्याच्या एक तारखेला येत नाही. अर्ज, छाननी, मंजुरी, मग निधी आला की हप्त्याने खात्यात. म्हणून पहिले सहा ते आठ महिने हा पैसा नाहीच असं धरून खोली ठरवा. "स्वाधार आली की देते" असं म्हणून उधारी वाढवणाऱ्या मुलींची डिसेंबरमध्ये काय अवस्था होते, ते मी बघितलं आहे. मेसवाल्या काकू चार महिने थांबतात. घरमालक थांबत नाही.

कागदावर मांडा: भाडं, वाटणीचं लाइट बिल, मेस किंवा डबा, बसचा पास, अभ्यासिका, फोनचं रिचार्ज. त्याखाली एकदाच लागणारे पैसे लिहा: डिपॉझिट, एजंटची दलाली, कराराचा खर्च, गादी-बादली. एजंट बहुधा एका महिन्याचं भाडं मागतो. चौघींत मिळून घर घेतलं तर हे आकडे चार जणींत वाटले जातात.

५. खोली शोधणं

पुण्यात पेठांमध्ये, म्हणजे सदाशिव, नारायण, नवी, शनिवार अशा भागांत, कॉट बेसिस फार चालतं. एका खोलीत तीन-चार कॉट आणि प्रत्येक कॉटचं वेगळं भाडं. डिपॉझिट कमी, कॉलेज आणि अभ्यासिका चालत जाण्याच्या अंतरावर. तोटा एवढाच की नोंदणीकृत करार सहसा मिळत नाही. धनकवडी, कात्रज, वडगावकडे गेलात तर त्याच पैशात तीन-चार जणींना वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, मिळू शकतं आणि करारही होतो, पण बसमध्ये रोज वेळ जातो. पहिल्या वर्षी कॉट घ्यायचीच असेल तर खासगी वसतिगृह चालवणारी जागा बघा, जी लेटरहेडवर राहत असल्याचं पत्र आणि भाड्याची पावती देते. अर्जाला ते चालेल का, हे डिपॉझिट देण्याआधी समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन विचारा.

शोधण्याचा सगळ्यात भरवशाचा रस्ता म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातले सीनियर. मे-जूनमध्ये परीक्षा संपून लोक खोल्या सोडतात. त्या वेळी जागा एकाकडून दुसऱ्याकडे जाते, दलाली लागत नाही. जुलैच्या शेवटी पोहोचलात तर उरलेल्यातून निवडावं लागतं.

ऑनलाइन जाहिरातींबाबत सावध राहा. "मी लष्करात आहे, पोस्टिंग बाहेर आहे, टोकन पाठवा, चावी कुरिअरने येईल" ही फसवणूक जुनी आहे आणि अजूनही चालते. घर आतून बघितल्याशिवाय आणि मालकाला भेटल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. कुणी तसं सांगितलं तर तो पैसे काढायला बसला आहे.

आता एक अवघड गोष्ट. तुम्हाला आडनाव विचारलं जाईल. मग गाव, मग घरात काय शिजतं. नाव ऐकल्यावर "खोली कालच गेली" असं मला तीन ठिकाणी सांगितलं. त्यातल्या एका दारावर दुसऱ्या दिवशीही 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. तुमच्या बाबतीत घडलं तर त्यात तुमचा काडीचाही कमीपणा नाही. खोटं आडनाव सांगू नका, कारण करारात आधार लागतं आणि मग अधिक मनस्ताप होतो. सीनियरांना विचारा, ज्या मालकांकडे आपली मुलं आधी राहून गेली आहेत तिथे जा. आणि असं काही घडलं तर एकटीने गिळू नका, सोबतच्यांना सांगा.

६. भाडेकरार

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, म्हणून सावकाश वाचा.

महाराष्ट्रात विद्यार्थी राहतात तो करार बहुधा 'लिव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे ठरावीक काळ राहायची परवानगी देणारा, असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी लागत नाही" हे तुम्हाला दहा जण सांगतील. ते चूक आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हेही तितकंच खरं.

कायदा दाखवून मालकाशी भांडायला जाऊ नका. मी दुसऱ्या वर्षी वेगळं बोलले आणि काम झालं. मालकाला भीती असते, पोरं खोली सोडणार नाहीत. त्यांना सांगा की नोंदणीकृत करार असेल तर मुदत संपल्यावर जागा परत मिळवायला त्यांना सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो, वर्षानुवर्षं दावा लढावा लागत नाही. करार त्यांच्याच सोयीचा आहे. आणि पुढचं वाक्य: "खर्च आम्ही देतो."

खर्च किती? मुद्रांक शुल्क करारकाळातल्या एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं. समजा चौघींचं मिळून भाडं १०,००० आणि डिपॉझिट ३०,०००. अकरा महिन्यांचं भाडं १,१०,०००, वर व्याजाचे २,७५०. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे २८२ रुपये. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. वर ऑनलाइन करार करून देणाऱ्याचा मेहनताना, तो दोन-तीन ठिकाणी विचारून ठरवा. तो घरी येऊन आधारवर सगळ्यांचे अंगठे आणि फोटो घेतो, दोन साक्षीदार लागतात, कार्यालयात जावं लागत नाही.

सही करण्याआधी एवढं बघा:

- सगळ्या रूम पार्टनरांची नावं करारात हवीत. एकीच्याच नावाने करार केला तर बाकीच्या तिघींकडे काहीच पुरावा उरत नाही. हे फार घरांत होतं.
- तुमचं वय अठरा पूर्ण नसेल तर तुम्हाला करार करता येत नाही. आई किंवा वडिलांच्या नावाने करा आणि राहणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव त्यात लिहून घ्या.
- डिपॉझिट किती, कधी परत, कशाबद्दल कापणार. 'योग्य ती कपात' असं मोघम वाक्य असेल तर बदलून घ्या.
- लॉक-इन, म्हणजे ज्या काळात खोली सोडता येत नाही तो, किती महिने. वसतिगृहात उशिरा नंबर लागला तर ही ओळ महागात पडते. एक महिन्याची नोटीस देऊन सोडता येईल असं लिहून घ्या.
- लाइट बिल, पाणी, सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार.

नोंदणी झाली की पूर्ण कराराची आणि इंडेक्स टूची (नोंदणीच्या सारांशाची) पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचं काम मालकाचं आहे. ते झालं का विचारा आणि त्याची पोच मागून ठेवा.

भाडं शक्यतो ऑनलाइन द्या. रोख द्यावं लागलं तर पावती घ्या, निदान "जुलैचं भाडं मिळालं" असा मेसेज तरी मागा.

७. भत्त्याचा अर्ज

आता वर सांगितलेले कागद कामाला येतात. त्यांच्याशिवाय हे लागतं: कॉलेजचं बोनाफाइड, स्थानिक रहिवासी नसल्याचं शपथपत्र, शासकीय वसतिगृहात प्रवेश घेतला नसल्याचं शपथपत्र, भाडेकरार किंवा राहत्या पत्त्याचा पुरावा, मेसचं बिल आणि नंतर उपस्थितीचं प्रमाणपत्र. उपस्थिती ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर पुढचा हप्ता अडतो. मेसवाल्यांकडून पहिल्या महिन्यापासून सही असलेली पावती घेत जा. मार्चमध्ये सगळ्या एकदम मागायला गेलं की तेही वैतागतात.

पैसे जमा होताना सगळ्यात जास्त गोंधळ आधारमुळे होतो. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, ते खातं एनपीसीआय या बँकांच्या पेमेंट संस्थेच्या यादीत असणं (यालाच सीडिंग म्हणतात) वेगळं. सरकारी पैसा आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. दहावीत एका बँकेत आणि कॉलेजात दुसऱ्या बँकेत खातं काढलं, पण नव्या खात्याचं सीडिंग केलं नसेल तर पैसे जुन्या, कदाचित बंद पडलेल्या खात्याकडे वळतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. चुकीचं असेल तर बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा. आणि शाळेतलं शिष्यवृत्तीचं खातं असेल तर त्यात किती रक्कम जमा होऊ शकते, हे बँकेत विचारून घ्या. लहान खात्यांना वर्षाची मर्यादा असते.

अर्ज 'परत पाठवला' असं दिसलं तर घाबरू नका, पण थांबूही नका. त्रुटी दुरुस्त करायला ठरावीक मुदत असते आणि एसएमएस येईलच याचा भरवसा नसतो. मी दर सोमवारी सकाळी लॉगिन करून बघायचे. कार्यालयात जाल तेव्हा अर्ज क्रमांक, सगळ्या कागदांचा एक झेरॉक्स संच आणि लेखी विनंतीच्या दोन प्रती न्या. एका प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या खेपेला कुणाला आठवत नाही, शिक्का असलेला कागद दाखवता येतो.

८. खोली घेताना आणि सोडताना

ताबा घेतल्याच्या दिवशीच भिंतीची ओल, फुटलेली फरशी, नळ, पंखा, सगळ्याचे फोटो काढा आणि मालकांना पाठवा. लाइटच्या मीटरचं रीडिंगसुद्धा. आमच्या डिपॉझिटमधून 'भिंत खराब केली' म्हणून दोन हजार कापायला निघाले होते. पहिल्या दिवशीचा फोटो दाखवला आणि विषय संपला.

सोडण्याची नोटीस मेसेजवर लेखी द्या. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायचं असेल तर आधी विचारून घ्या, परस्पर करू नका.

पुढच्या वर्षी भत्त्याचं नूतनीकरण करायचं असतं. त्याला आधीच्या वर्षाची गुणपत्रिका आणि नवा, चालू मुदतीचा करार लागतो. अकरा महिन्यांचा करार जूनमध्ये केला असेल तर तो एप्रिल-मेमध्ये संपतो, तेव्हा त्याच घरात राहणार असलात तरी नवा करून घ्या. आणि खोली सोडणारच असाल तर मालकांना महिनाभर आधी सांगून गावाकडच्या एखाद्या नव्या मुलीची गाठ घालून द्या. तिची दलाली वाचते आणि करार करून देणारं एक घर आपल्या मुलींसाठी टिकून राहतं.